अल्ब्युमिन कमी आणि विसरभोळेपणा: ज्येष्ठांचा प्रोटीन रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुढं काय करायचं

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा एलएफटीचा, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येतो. अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रोटीनसमोर ३.१ हा आकडा आणि शेजारी खाली बघणारा बाण. त्याच सुमारास घरात कुजबुज चालू असते, की आजी हल्ली दुधाखालचा गॅस बंद करायला विसरतात, तेच तेच विचारतात. दोन्हींची सांगड लगेच घातली जाते आणि संध्याकाळपर्यंत प्रोटीन पावडरचा डबा घरी येतो.

ही सांगड निराधार नाही. इंग्लंडच्या २००० सालच्या आरोग्य सर्वेक्षणातल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अल्ब्युमिन कमी असलेल्यांमध्ये स्मरणशक्ती आणि आकलन घटलेल्यांचं प्रमाण जास्त दिसलं. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजलेल्या असल्या, की आधी काय बिघडलं ते कळत नाही. विसरणारा माणूस जेवायलाही विसरतो. शरीरात मुरलेला जंतुसंसर्ग किंवा आतली सूज (इन्फ्लमेशन) अल्ब्युमिनही पाडते आणि डोकंही सुस्त करते. म्हणून आकडा वर आणणं हे उद्दिष्ट ठेवू नका. तो का पडला ते शोधा; ते कारण पुष्कळदा मेंदूलाही त्रास देत असतं आणि त्यातली बरीच कारणं बरी होण्यासारखी असतात.

आधी रक्त नीट दिलं गेलं का ते बघा

अल्ब्युमिनसाठी उपाशी राहावं लागत नाही; सोबत साखर किंवा चरबीची तपासणी असेल तरच उपास. महत्त्वाचं वेगळंच आहे. माणूस उभा राहिला, चालला की रक्तातलं पाणी थोडं ऊतींमध्ये उतरतं आणि प्रोटीन दाट होतं. झोपून घेतलेल्या रक्तात तेच ५ ते १० टक्क्यांनी कमी दिसू शकतं. म्हणजे लॅबमध्ये चालत जाऊन दिलेल्या रक्तात ३.७ आणि महिन्यानं पलंगावर पडल्या पडल्या दिलेल्या रक्तात ३.४ आलं, तर बिघाड झालाच असं नाही. दर वेळी एकाच पद्धतीनं द्या: पंधरा मिनिटं खुर्चीत शांत बसवून, शक्यतो त्याच लॅबकडे. लॅबगणिक रसायन बदलतं. हिरव्या रंगद्रव्याची जुनी पद्धत कमी अल्ब्युमिन थोडं फुगवून दाखवते. दंडावरचा पट्टा मिनिटाभरापेक्षा जास्त आवळून ठेवला, मूठ वारंवार उघड-मीट करायला लावली, तरी आकडा वर जातो. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हाताचं रक्त कधीच नको.

उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेल्या माणसाचं अल्ब्युमिन चांगलं दिसतं, आणि हे जास्त फसवं आहे. एप्रिल-मेमध्ये ४.० आलेला आकडा, पाणी नीट पोटात गेल्यावर ३.५ होतो. सोबत युरिया आणि सोडियमही वर असेल तर आधी पाण्याकडे बघा.

एक ओळ नको, चार ओळी

टोटल प्रोटीन साधारण ६.० ते ८.३, अल्ब्युमिन ३.५ ते ५.०, ग्लोब्युलिन (बाकीची प्रोटीनं) २.० ते ३.५, सगळं ग्रॅम प्रति डेसिलिटर. आणि अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तर एकाच्या वर. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. मुलं ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात असतील तर तिथले रिपोर्ट ग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात. तिथला ३६ म्हणजे आपला ३.६. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवताना यावरून उगाच घबराट होते.

टोटल प्रोटीन एकट्यानं काहीच सांगत नाही. अल्ब्युमिन २.८ आणि ग्लोब्युलिन ४.५ असेल तर बेरीज ७.३, म्हणजे दिसायला उत्तम. आतली गोष्ट मात्र गंभीर. ग्लोब्युलिन वाढण्यामागं जुनाट संसर्ग, क्षयरोग, यकृताचा आजार, संधिवातासारखे आजार असू शकतात, आणि ज्येष्ठांमध्ये मल्टिपल मायलोमा हा हाडांच्या मज्जेतला कर्करोगही. टोटल प्रोटीन ९ च्या आसपास, गुणोत्तर उलटं, हिमोग्लोबिन कमी, कंबर-पाठ दुखणं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) चढलेलं, असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांकडे ‘सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’ या तपासणीचा विषय काढा. मायलोमात कॅल्शियम वाढतं, क्वचित रक्त घट्ट होतं, आणि या दोन्हींमुळं माणूस बावचळतो. घरचे त्याला म्हातारपण समजून सोडून देतात.

कॅल्शियमची खोच इथंच. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असेल तर छापील कॅल्शियम खोटं कमी दिसतं. ढोबळ हिशेब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ नं गुणा, ते कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम १०.० आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर १.५ गुणिले ०.८ म्हणजे १.२, खरं कॅल्शियम ११.२ च्या घरात. नॉर्मल म्हणून बाजूला ठेवलेला रिपोर्ट प्रत्यक्षात गोंधळ, बद्धकोष्ठ आणि सुस्तीचं कारण निघू शकतो. शंका असेल तर आयोनाइज्ड (मोकळं) कॅल्शियम सरळ मोजून घ्यावं.

अल्ब्युमिन जातं कुठं

वाटा चारच आहेत: यकृत बनवत नाही, मूत्रपिंडातून किंवा आतड्यातून गळतं, आजारपणातल्या सूजेमुळं घटतं, किंवा पोटात पुरेसं जात नाही. लोक चौथीपासून सुरू करतात. खरं तर ती शेवटी तपासावी, कारण वृद्धांमध्ये सगळ्यात वारंवार दिसते ती तिसरी. ताप, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, खुब्याचं ऑपरेशन, पायावरची न भरणारी जखम, यांतल्या कशातही अल्ब्युमिन काही दिवसांत घसरतं, मग ताटात काहीही वाढा. म्हणूनच अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनांनीही आता अल्ब्युमिनला पोषणाचं माप मानणं सोडलं आहे. सोबत सीआरपी ही आतली सूज दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या. सीआरपी चढलेला असेल तर ३.० हा आकडा बहुधा आजाराचा आहे, जेवणाचा नव्हे.

लघवीची तपासणी स्वस्त आहे आणि नेमकी तीच राहते. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर बघा. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर म्हणजे गळती सुरू. एवढ्याशा गळतीनं रक्तातलं अल्ब्युमिन पडत नाही, त्यासाठी ती ग्रॅमच्या हिशेबात लागते. पण मधुमेह-रक्तदाबवाल्यांमध्ये ही छोटी गळती बारीक रक्तवाहिन्या खराब होत असल्याची खूण असते, आणि तशाच बारीक वाहिन्या मेंदूतही असतात. रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणणं हा मेंदू जपण्याचा भाग आहे, तो असा.

यकृताचं प्रकरण वेगळं ओळखू येतं: अल्ब्युमिन कमी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढलेला, प्लेटलेट कमी, पोटात पाणी. अशा माणसाचं झोपेचं चक्र उलटं झालं (दिवसा झोप, रात्री जाग), अक्षर बिघडलं, हात पुढं धरल्यावर पंजे फडफडायला लागले, तर तो हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथीचा, म्हणजे यकृत बिघडल्यानं मेंदूवर होणाऱ्या परिणामाचा, इशारा आहे. इथं जुनी चूक अजून घराघरांत होते: ‘लिव्हर खराब आहे, डाळ बंद करा.’ असं करू नये. सिरोसिसमध्ये (यकृत कडक होण्याच्या आजारात) वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, डाळ-दुधाचं जास्त मानवतं, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्लेलं असावं लागतं. बद्धकोष्ठ टाळणं मात्र अत्यावश्यक. दिवसात दोन-तीनदा मऊ शौच होईल इतकं लॅक्टुलोज (पोट साफ करणारं औषध) डॉक्टर देतात, ते ‘जुलाब होतात’ म्हणून आपल्या मनानं थांबवू नये.

गोंधळ दोन दिवसांतला की दोन वर्षांतला?

हा प्रश्न आहाराच्या आधीचा आहे. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेलं विस्मरण वेगळं. परवापर्यंत बरा असलेला माणूस आज असंबद्ध बोलतो, संध्याकाळी भिंतीवर काहीतरी दिसतं म्हणतो किंवा दिवसभर गुंगीत असतो, तर तो डिलिरियम. अल्ब्युमिन कमी असलेल्यांना, विशेषतः ऑपरेशननंतर, तो जास्त होतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बघायच्या गोष्टी: सोडियम (१२५ च्या खाली गेलं तर गोंधळ होऊ शकतो, आणि रक्तदाबाच्या पाणी काढणाऱ्या गोळ्या हे नेहमीचं कारण), साखर, ऑक्सिजन, संसर्ग, तुंबलेली लघवी, साठलेलं शौच, नव्यानं सुरू झालेलं झोपेचं किंवा सर्दीचं औषध. मागच्या काही आठवड्यांत पडले होते का, हे मुद्दाम विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याच्या आत हळूहळू साठणारं रक्त तीन-चार आठवड्यांनीही प्रकट होतं.

हळू वाढलेल्या विस्मरणात अल्ब्युमिनपेक्षा आधी बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं इतकं सर्रास आहे की ते न तपासता स्मृतिभ्रंशाचं नाव घेऊच नये. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती आणखी. डाळी कितीही खाल्ल्या तरी बी-१२ मिळत नाही. आणि कानही तपासा. ऐकू न आलेला प्रश्न माणूस विसरत नाही, त्याला तो मिळालेलाच नसतो.

औषधं: अल्ब्युमिन पडलं की मात्रा बदलते

मेंदूच्या दृष्टीनं कमी अल्ब्युमिनचा हा सगळ्यात दुर्लक्षित परिणाम. फेनिटॉइन हे फिटचं औषध सुमारे ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून राहतं. काम करतो तो मोकळा भाग. अल्ब्युमिन निम्मं झालं की मोकळा भाग वाढतो, पण लॅब मोजते ती एकूण पातळी. प्रचलित सूत्र: मोजलेली पातळी भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ०.१). पातळी १२ आणि अल्ब्युमिन २.० असेल तर भाजक ०.५, उत्तर २४. योग्य पट्टा १० ते २०. म्हणजे कागदावर सगळं ठीक आणि आजोबा झोकांड्या खातायत, जीभ जड, दुपारभर झोप. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच औषधाचंही असंच होतं, शिवाय त्यानं अमोनिया वाढू शकतो. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्यांनी अल्ब्युमिन पडल्यावर आयएनआर लवकर तपासावा. फिटची गोळी स्वतः कमी करू नका, फिट येऊ शकते. ‘अल्ब्युमिन एवढं आहे, मोकळी पातळी मोजायची का’ एवढं डॉक्टरांना विचारा.

पार्किन्सनवाल्यांसाठी उलटी काळजी. लेव्होडोपा हे त्यांचं मुख्य औषध आणि जेवणातलं प्रोटीन आतड्यात एकाच वाटेनं शोषले जातात. गोळी जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर प्रोटीन वाढवलं आणि हातापायांचा ताठरपणाही वाढला, असं होतं.

आता ताट

क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) आधी बघून घ्या. मूत्रपिंडाचा आजार पुढं गेलेला असेल पण डायलिसिस नसेल तर प्रोटीन मर्यादित ठेवावं लागतं, डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवावं लागतं. दोन्हीचा आकडा नेफ्रॉलॉजिस्टनं, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी, द्यायचा. बाकीच्या ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोला रोज १.० ते १.२ ग्रॅम, आजारातून उठलेल्यांना १.२ ते १.५. आपल्याकडची सर्वसाधारण प्रौढांची शिफारस ०.८३ आहे, वय झालेल्या स्नायूंना ती अपुरी पडते.

५५ किलोच्या आजींना म्हणजे ५५ ते ६५ ग्रॅम. प्रत्यक्षात काय जातं? सकाळी चहा-खारी २ ग्रॅम. बशीभर पोहे ४. दुपारी दोन पातळ पोळ्या ६-७, भाजी २, वाटीभर पातळ वरण ३, घासभर भात २. चार वाजता चहा-बिस्किट २. रात्री ‘पचायला हलकं’ म्हणून दूध-भात ७. बेरीज तीसच्या आत-बाहेर. खाणं कमी वाटत नाही, पोटही भरतं, आणि निम्मं प्रोटीन गायब असतं.

पदार्थ न बदलता दाटपणा बदला, हा पहिला उपाय. पातळ वरणात माणशी १५ ग्रॅम डाळ असते. ३० ग्रॅम कोरडी डाळ मोजून घट्ट वरण केलं की त्याच वाटीत साडेसहा ग्रॅम. खिचडीत तांदूळ आणि मूगडाळ समसमान, ३०-३० ग्रॅम: साधारण साडेनऊ. सकाळी पोह्यांऐवजी ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी (१२) आणि वाटीभर दही (५), किंवा दोन अंडी (१२) आणि कपभर दूध (५). दुपारी पोळी-भाजी तीच, घट्ट वरण आणि दही: १८ ते २०. चारला बिस्किटांऐवजी ३० ग्रॅम फुटाण्यांचं पीठ ताकात कालवून, ६-७. रात्री पिठलं-भाकरी आणि कपभर दूध, १५. झाले ५५ च्या वर, आणि एकही पदार्थ घराला अनोळखी नाही. कोकण-गोव्याकडे मासे खाणाऱ्यांचं काम सोपं: शंभर ग्रॅम माशात १८ ते २० ग्रॅम. सुकटीत प्रोटीन भरपूर, पण मिठाचं बघा.

प्रोटीन तीन जेवणांत वाटलेलं हवं. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस ग्रॅम गेलं तर स्नायू ते वापरतात. रात्री एकदम पन्नास ग्रॅमचा तेवढा उपयोग होत नाही.

काही गोष्टींवर उगाच भरवसा असतो. डाळीचं वरचं पाणी, साबुदाण्याची खीर, नाचणी सत्त्व, आजारी माणसाची भाताची पेज: यांत प्रोटीन नावापुरतं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीचे दोन चमचे म्हणजे ग्रॅम-दीड ग्रॅम आणि बाकी बहुतेक साखर-पिष्ट. व्हे प्रोटीनच्या ३० ग्रॅमच्या मापात २० ते २४ ग्रॅम असतात. ज्यांना चावता येत नाही, भूकच नाही, त्यांना अर्धं माप दुधात किंवा लापशीत द्यायला हरकत नाही. जेवण सोडून नको.

ताट परत येत असेल तर कारण चवीत शोधण्याआधी तोंडात शोधा. सैल कवळी, दुखणारी दाढ, कोरडं तोंड. जेवताना खोकला किंवा पाणी पिताना ठसका येत असेल तर गिळण्याचा त्रास आहे. पातळ पदार्थ दाट करून, मान किंचित पुढं झुकवून, सरळ बसवून द्या आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. विसरणाऱ्या माणसासमोर पाच वाट्यांचं ताट ठेवलं तर तो गोंधळतो. एका वेळी एकच पदार्थ, गडद रंगाच्या ताटलीत पांढरा भात, शेजारी कुणीतरी जेवणारं. चातुर्मासातले उपास चालू असतील तर दही, शेंगदाणे, राजगिरा, पनीर यांवर भर द्या, साबुदाण्यावर नको.

एक धोका सांगायलाच हवा. ज्यांनी आठवडाभर जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही, ज्यांचं वजन खूप उतरलंय, त्यांना एकदम भरपूर खाऊ घालू नका. अचानक अन्न मिळाल्यावर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्यानं खाली येतं. हृदयाचे ठोके आणि मेंदू दोन्ही बिघडतात. आधी डॉक्टरी सल्ला, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग चार-पाच दिवसांत हळूहळू वाढ. दारूची सवय असलेल्यांत थायमिन अधिकच महत्त्वाचं.

‘ताकदीची’ अल्ब्युमिनची बाटली

वीस टक्क्यांच्या १०० मिली बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. पोटातलं पाणी मोठ्या प्रमाणात काढताना, सिरोसिसच्या काही प्रसंगांत ती खरोखर लागते. आकडा सुधारायला किंवा स्मरणशक्तीला म्हणून घेणं म्हणजे हजारो रुपये पाण्यात, आणि हृदय कमकुवत असेल तर फुप्फुसात पाणी साचायची भीती. या समजुतीला एक धागा आहे: बीटा-अमायलॉइड हे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रोटीन; रक्तातलं बरंचसं बीटा-अमायलॉइड अल्ब्युमिनला चिकटून असतं, त्यावरून अल्झायमरच्या रुग्णांचा प्लाझ्मा (रक्तातला पाण्यासारखा भाग) काढून अल्ब्युमिन भरण्याची ‘अँबार’ नावाची चाचणी झाली. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले, मध्यम टप्प्यातल्या रुग्णांची घसरण मंदावल्याचं दिसलं. ती प्लाझ्मा बदलण्याची, वारंवार करायची प्रक्रिया होती, नेहमीचा उपचार म्हणून ती रुळलेली नाही. हाताला लावलेली एक बाटली तिची बरोबरी करत नाही.

जाहिरातींतल्या ‘अल्झायमरच्या रक्तचाचणी’चंही असंच मिसळतं. ती पी-टाऊ २१७ सारखी मेंदूशी निगडित प्रोटीनं मोजते; एलएफटीतल्या प्रोटीनशी तिचा संबंध नाही. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अशा एका चाचणीला मान्यता मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्या लोकांसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. मूत्रपिंड कमजोर असेल तर पी-टाऊ वाढलेलं दिसू शकतं. लक्षणं नसताना हौसेनं करून घेऊ नका.

पुन्हा कधी तपासायचं

अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य सुमारे तीन आठवडे. दर आठवड्याला रक्त काढून काही कळत नाही. आजार ओसरल्यावर आठ ते बारा आठवड्यांनी, सीआरपीसकट. तोवर घरी तीन गोष्टी लिहून ठेवा. पंधरवड्याला वजन, त्याच कपड्यांत, सकाळी लघवीनंतर. तीन महिन्यांत तीन किलो उतरलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. पोटरीचा घेर, सगळ्यात जाड जागी. ३१ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे स्नायू झिजलेत. पायाला सूज असेल तर वजन आणि पोटरी दोन्ही खोटं बोलतात, हे ध्यानात ठेवा. आणि हात छातीवर घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारे सेकंद. बारा किंवा जास्त म्हणजे ताकद कमी. जेवण वाढवण्यासोबत रोज असं उठ-बस करून घेतलं नाही तर खाल्लेल्या प्रोटीनचा स्नायूंना पुरेसा उपयोग होत नाही.

विस्मरणाची नोंद ‘जास्त विसरतात’ अशी नको. गोळ्यांच्या डबीतले किती कप्पे चुकले, पेन्शनचा हिशेब जमला का, नेहमीच्या रस्त्यावर चुकले का, तोच प्रश्न तासात किती वेळा विचारला, तारखेसह लिहा. अल्ब्युमिन ३.३ वरच राहिलं पण वजन दोन किलो वाढलं, खुर्चीतून उठणं सोळा सेकंदांवरून अकरावर आलं आणि सीआरपी उतरला, तर उपचार बरोबर चाललाय. उलट अल्ब्युमिन ३.६ झालं आणि वहीतल्या चुका वाढतच असतील, तर ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मेमरी क्लिनिकला जा. सोबत सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स न्या, यादी नको; यादीत आयुर्वेदिक चूर्ण आणि मेडिकलवाल्यानं दिलेली झोपेची गोळी कधीच नसते.